आंगठ्याला बांधलेला माग

मोठेबाबा आमच्या घरासमोर तेल्याच्या ओट्यावर बसत, पण स्वतःच्या घरात पाय ठेवत नसत. घर त्यांचं, बायको त्यांची, मागही त्यांचा. दिवाळी सरून थंडी पडली की वर्षातून एकदा बडनेऱ्याहून येत, ओट्यावर टेकत, मोठीआई भाकर नेऊन देई ती तिथंच खात, आणि ऊन कललं की काठी उचलून चालू लागत. गल्लीत नवी सून आली की विचारी, हा म्हातारा कोण, आणि समोरच्या घराकडं असा काय पाहतो. कोणी नीट सांगत नसे. आता ते सांगणारी मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठीआई त्यांची बायको. आमची अकोटची कोष्ट्यांची गल्ली. अकोटच्या सतरंज्या आणि बाळापूरची पागोटी दूरवर जात, तशी आमच्या गल्लीची लुगडीही चार बाजारांत माहीत होती. सकाळी लोक ताणे, म्हणजे कापडाची उभी सुतं, रस्त्यावर लांब पसरून त्यांना खळ लावत. तेवढा वेळ गाईसुद्धा वळसा घालून जात, कारण ताणा कोणी ओलांडायचा नाही हे गाईंनाही काठी खाऊन कळलं होतं. उन्हं वर आली की घराघरात माग सुरू होत. बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. मी त्या आवाजात जन्मले, त्यामुळं एखादा माग थांबला की मला झोपेतही जाग येई.

मागाची एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कापड विणून संपलं तरी ताण्याची शेवटची टोकं आम्ही कापून टाकत नाही. ती मागाच्या फणीत तशीच ओवलेली ठेवतो आणि नव्या ताण्याचं एकेक सूत त्या टोकांना राख लावलेल्या बोटांनी पिळून सांधतो. फणी पुन्हा भरण्याची मेहनत वाचते, एवढंच त्याचं कारण. पण मोठेबाबा म्हणत, "हा एकच ताना हाये. आज्याच्या आज्यानं लावला. आपून फक्त पुढं सरकवतो."

इथपर्यंत ठीक होतं. त्यापुढं ते म्हणत की टोकं कापली गेली आणि माग उघडा पडला, की घरातलं एक माणूस कमी होतं.

यासाठी त्यांच्याकडं दोन पुरावे होते. मी जन्मायच्या आधी नदीचा पूर घरात शिरला, तेव्हा माग उचलायला ताणा कापावा लागला. त्याच महिन्यात त्यांचा एकुलता मुलगा हैज्यानं गेला. हैजा साऱ्या अकोटात होता, पण मोठेबाबांना साऱ्या अकोटाशी काय करायचं. दुसरा पुरावा माझे वडील. घरात दोन माग होते. वडिलांना मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसण्याचा कंटाळा आला. त्यांनी स्वतःच्या हातानं आपला ताणा कापला, मागाची लाकडं विकली आणि कापसाच्या गाड्यांबरोबर गेले. ते परत आले नाहीत. मेले की कुठं दुसरं घर केलं, हे आजतागायत कळलं नाही. आई कुंकू लावत राहिली.

तेव्हापासून मोठेबाबा राहिलेल्या मागाची राखण करू लागले. माणूस साप पाहून जसा सावध बसतो, तसे ते मागाजवळ बसत. जेवण खड्ड्यातच. मागापासून हातभर अंतरावर चटई टाकून झोपत. झोपताना ताण्याच्या मागच्या काठीला एक दोरी बांधून तिचं दुसरं टोक पायाच्या आंगठ्याला गुंडाळत. कोणी ताण्याला हात लावला तर आपल्याला कळावं, हा हेतू. उंदीर जरी फिरला तरी ते उठून बसत. घरात कोणी 'तुटलं' म्हणायचं नाही. बांगडी फुटली की बायका 'वाढली' म्हणतात, तसं आमच्याकडं सूत वाढे, दोरी वाढे, चपलेचा आंगठासुद्धा वाढे. एकदा मी विसरून म्हटलं, "पोहऱ्याची दोरी तुटली." मोठेबाबांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते हळूच माझ्याजवळ आले, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मोठीआईला म्हणाले, "पोट्टीच्या तोंडून निंगालं." एवढंच. त्या दिवसापासून मला भीती बसली.

घरात आम्ही चार माणसं होतो. मोठेबाबा, मोठीआई, आई आणि मी. मी आठेक वर्षांची असेन. रोज संध्याकाळी मी मनात एकेकाला कमी करून पाहत असे. मोठीआई कमी झाली तर भाकर कोण करेल. आई कमी झाली तर, ते मी पुढं धरतच नसे. शेवटी कमी करायला मीच उरे, कारण माझ्यावाचून कोणाचं काही अडत नव्हतं.

मग कापसाची ती वर्षं आली. अमेरिका म्हणून कुठं मुलूख आहे, तिथं लढाई लागली आणि तिथला कापूस बंद झाला, म्हणून इंग्रजाला आमचा कापूस हवा, असं लोक सांगत. आम्हाला दिसलं ते इतकंच, की गाड्या. अकोटच्या रस्त्यावर गाडीमागं गाडी लागे. शेतकऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. ज्वारीच्या वावरात कापूस पेरला, आणि ज्वारी सोन्याच्या भावाची झाली. ज्यांच्या घरी कापूस होता ते हसत होते. आम्ही कापसाचं कापड करणारे, आमच्या घरी कापूस नव्हता.

सूत बायका कातत. महारवाड्यातल्या, कुणब्यांच्या घरच्या म्हाताऱ्या, विधवा. मोठेबाबा सूत खालच्या ओठाला लावून पाहत आणि ते कोणाच्या हातचं ते सांगत. "ही आज भांडून कातायले बसली होती," असंही सांगत, ते खरं की खोटं कोण पाहतं. त्या बायकांनी कातायचे रहाट टाकून दिले. कातण्यापेक्षा सरकी काढायला आणि गाठोडी भरायला जास्त मिळे. त्यांचं काय चुकलं. पण बाजारात सुताची लड दिसेनाशी झाली.

गल्लीतले माग एकेक करून थांबू लागले. आधी कोपऱ्यावरचा. त्या घरचा मुलगा रेल्वेच्या मातीकामाला गेला. मग मारुतीजवळचा, तिथले नवराबायको दोघं गेले. मोठेबाबा दारात उभे राहून कान देत. "कोपऱ्यावरचं घर एकानं कमी. मारुतीजवळचं दोघानं." लोक पोटासाठी जात होते हे शेंबडं पोरही सांगेल. पण मोठेबाबा उलटं धरत. माग थांबला म्हणून माणूस गेला. आणि खरं सांगते, दर आठवड्याला गल्ली जरा जास्त शांत होत असताना त्यांचं म्हणणं खोटं पाडणं मला जमत नव्हतं.

आमच्या मागावर एक ताणा उरला होता. तो संपला की सांधायला सूत नव्हतं. मोठेबाबा हळू विणू लागले. आडव्या सुताचा धोटा फेकत आणि थांबत. पुन्हा फेकत. पूर्वी आमचा माग पाऊस पडावा तसा वाजे, आता गळक्या घराच्या थेंबासारखा वाजू लागला. मी दोन ठोक्यांच्या मध्ये श्वास धरून बसे.

त्याच दिवसांत दलाल दारोदार फिरू लागला. गुटगुटीत, गोड बोलणारा माणूस. कापूस कमी पडला तसे लोक गाद्या-उशा उसवून विकत होते, आणि तो त्या घेत होता. आमच्या दारात येऊन त्यानं आत नजर टाकली.

"बाबा, गादीत काय भरलं हाये?"

"झोप," मोठेबाबा म्हणाले.

"सध्या झोपेलेबी भाव हाये."

दलालानं पिशवीतून विलायती सुताची लड काढली. "कापसाच्या बदल्यात हे घ्या. महाग हाये, पन हाये तं सही. तुमचा माग तरी चालन."

मोठेबाबांनी लड खालच्या ओठाला लावली. मग पुन्हा लावली. त्यांचा चेहरा असा झाला की आंधळ्यानं ओळखीच्या दाराला हात लावावा आणि तिथं भिंत लागावी.

"याले कातनारी कोन?"

"यंत्र हाये बाबा."

"नाव काय तिचं?"

"यंत्राले कुठं नाव रायते?"

"मंग हे वाढलं तं मी कोनाच्या दारी जाऊ?" मोठेबाबांनी लड परत त्याच्या पिशवीत घातली आणि हात धुतले. "याच्यामागं कोनीच नाही. हे मी आज्याच्या तान्याले नाही बांधत."

दलाल गेला तसं त्यांनी घरातली गादी ओढली आणि उसवली. मग दोन्ही रजया. पिंजाऱ्याला सवड नव्हती, सारं गाव त्याच्या दारी. मोठेबाबांनी बोटांनीच तो जुना, गोळे झालेला कापूस विंचरला. अडगळीतला रहाट काढला. मोठीआई, आई आणि मी पाळीपाळीनं कातायला बसलो. जुन्या कापसाला धागा धरवत नाही. हातभर निघे आणि वाढे. दर वेळी मोठेबाबा मागावरून मान वळवून पाहत.

पौषाची थंडी होती. रजयांचा कापूस टोपलीत पडला होता आणि आम्ही पोत्यावर निजत होतो. मला ताप आला. यात नवल काहीच नाही. अंगावरचं पांघरूण काढून घेतलं तर पोराला थंडी बाधणारच. पण मोठेबाबांनी मला पाहिलं, मागावर उरलेला वीतभर ताणा पाहिला, आणि त्यांना सारं कळून चुकलं.

मलाही कळून चुकलं होतं. मी कोपऱ्यात पडल्या पडल्या त्या ताण्याकडं पाहत होते.

मोठीआईनं दोन दिवस वाट पाहिली. घरात ज्वारी नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती टोपलीजवळ गेली.

"अवो, मी हा कापूस घेऊन जाऊन राहिली."

"टोपलीले हात नको लावू."

"पोट्टीले पेज कशाची करू? तान्याची?"

"माग उघडा पडन."

"पडू द्या. पोट्टी तिकडे तापानं जळून राहिली अन् तुमी इकडे लाकडाले सांभाळून राहिले."

"लाकडाले नाही. तिलेच सांभाळून राहिलो," मोठेबाबा म्हणाले. त्यांचे पाय खड्ड्यात होते आणि आंगठ्याला दोरी होती. आता ते दिवसाही दोरी सोडत नसत. ती सोडवून उठेपर्यंत मोठीआई टोपली डोक्यावर घेऊन रस्त्याला लागली होती.

ते पुन्हा बसले. एक धोटा फेकला. थांबले. मग दाराच्या चौकटीशी येऊन उभे राहिले, माझ्यापासून लांब. आई माझ्याजवळ होती. दिराशी, तोही थोरला, आई बोलत नसे. पदर ओढून मला मध्ये घालून बोले, तशीच आमच्यात रीत.

"ताप कसा हाये?" त्यांनी विचारलं.

"सांग मोठेबाबाले," आई मला म्हणाली, "उतरला नाही म्हना."

माझी जीभ कोरडी होती. "मोठेबाबा, उतरला नाही."

ते मान हलवत राहिले. मग हिशेब लागल्यासारखे म्हणाले, "एक कमी व्हाचंच हाये नं. मंग मीच होतो." बाजाराला जातो म्हणावं तसं म्हणाले. खाली बसून त्यांनी आंगठ्याची दोरी सोडली. ती घट्ट बसली होती, तिथलं कातडं पांढरं पडलं होतं. तिचं टोक त्यांनी घराच्या खांबाला बांधलं, ओढून पाहिलं. मग उंबरा ओलांडून बाहेर गेले.

आईनं माझा खांदा हलवला. "हाक मार. हाक मार त्याहिले, मले नाही मारता येत."

मी हाक मारली. जेवढा होता तेवढा आवाज काढला. मोठेबाबांनी ऐकलं. माझा आवाज ऐकून ते जास्तच भराभर चालू लागले.

मोठीआई दुपारी परतली. पदरात ज्वारी होती आणि काखेत विलायती सुताची गाठोडी. दलालाकडून अदलाबदल करून आणली होती. घरात आली, रिकामा खड्डा पाहिला, खांबाची दोरी पाहिली. आईनं सांगितलं. मोठीआई म्हणाली, "येतीन संध्याकाळपावतर. भूक लागली की येते सारेच." आधी पेज टाकली. मग राखेत बोटं बुडवून ती आणि आई मागापाशी बसल्या, आणि त्या यंत्राच्या सुताचं एकेक टोक आज्याच्या ताण्याला सांधलं. माग एक दिवसही उघडा पडला नाही.

माझा ताप चारपाच दिवसांत गेला. गल्ली म्हणाली, मोठेबाबांनी वाचवलं. वैद्य म्हणाला, काढ्यानं वाचली. मी म्हणते पेजेनं. पण त्या वेळी मला विचारलं असतं तर मी गल्लीसारखंच सांगितलं असतं.

मोठेबाबा रेल्वेच्या मातीकामाला लागले होते. पुढं गाडी सुरू झाल्यावर बडनेऱ्याला कापसाच्या गाठी वाहू लागले. वर्षानं थंडीत पहिल्यांदा आले आणि तेल्याच्या ओट्यावर बसले. मोठीआई दारात येऊन उभी राहिली. रस्ता मध्ये.

"आत या नं. पाहुन्यासारखे काहून बसले?"

"पाहुना आत येते. मी या घरचा नाही राह्यलो. मी आत आलो तं घरातलं दुसरं कोनी कमी होते."

"अवो, माग उघडा पडलाच नाही. तुमी गेले त्याच दिवशी आमी सांधला. आवाज ऐकून राहिले का नाही?"

त्यांनी कान दिला. आई विणत होती.

"मी निंगालो म्हनून सांधल्या गेला," ते म्हणाले. "अन् पोट्टी कुठी हाये?"

मला पुढं ढकलण्यात आलं. त्यांनी मला खालीवर पाहिलं. समाधान झालं असावं. "हं. मंग बरोबर हाये," म्हणाले आणि भाकर खाऊ लागले. मोठीआईनं डोक्याला हात लावला. अशा माणसापुढं काय बोलणार. जे घडलं ते त्यांच्या बाजूनं, जे घडलं नाही तेही त्यांच्याच बाजूनं.

वर्षामागून वर्षं ते तसेच येत राहिले. मोठीआई त्यांना चार शब्द ऐकवी. "इतकी हमाली करून मले एक लुगडं नाही आनलं." ते म्हणत, "कोष्ट्याच्या बायकोले लुगडं बाहेरून आनतात का?" मग दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना बसून राहत. मध्ये गाड्या जात. गल्लीत मुलींची शाळा निघाली, मी तिसऱ्या पुस्तकापर्यंत गेले, माझं लग्न झालं. लग्नात मोठेबाबांनी ओट्यावरूनच अक्षता टाकल्या. त्या रस्त्यातच पडल्या.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते त्या वर्षी ते अवेळी आले. चैत्र-वैशाखाचं ऊन. वऱ्हाडचं ऊन काय असतं ते वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको. ते ओट्यावर आले ते बसलेच नाहीत, आडवे झाले. ओटा तव्यासारखा तापलेला. मोठीआईनं पाणी नेलं, ते ओठावरून खाली गेलं.

"घेऊन ये वं त्याहिले आत," ती मला म्हणाली. "तू धर एका अंगानं."

माझं पोर माझ्या एका हातावर होतं, दीड महिन्याचं. मी रस्ता ओलांडला, दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला. "मोठेबाबा, चला. घर समोर हाये." त्यांनी ओट्याच्या खांबाला मिठी घातली. एवढ्या वाळलेल्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. माझ्या हातातल्या पोराकडं पाहत होते.

"आता घरात किती जन हाये?" त्यांनी विचारलं.

मी पोराला छातीशी धरलं.

"त्याले आत ने. ऊन लागन त्याले."

मी त्यांचा दंड सोडला. पोराला पदराखाली घेतलं आणि आत गेले. मग त्यांच्यासाठी गादी बाहेर पाठवली, जाडजूड, नव्या कापसाची. तेल्यानं वर पोतं बांधून सावली केली. तिसऱ्या प्रहरी ते गेले. पंखा घालता घालता मोठीआईचा हात थांबला, तेव्हा आम्हाला कळलं.

गल्ली जमली. मोठीआई रडली नाही. उभी राहून म्हणाली, "आना आता आत. आता कोनी त्याहिले इचारत नाही. आंघोळ घरीच घालाची." चौघांनी उचललं. रस्ता ओलांडून आमच्या उंबऱ्यापर्यंत आले.

तोवर चालू ठेवलेला माग आईनं थांबवला.

तो आवाज थांबला तशी मी उठले. भूत, शाप, मागाचा कोप, यातलं मी काही मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. मी पोराला उचललं आणि मागच्या दारानं बाहेर पडले. परसातून, भरल्या उन्हात, शेजारच्या घरी जाऊन बसले. तिथून मला आमच्या घरातली पाण्याची, माणसांची चाहूल ऐकू येत होती. तिरडी गल्लीच्या तोंडाशी गेल्यावरच मी परत आले.

मोठीआई भिंतीशी बसली होती. हातांत बांगड्या नव्हत्या. खांबाला ती दोरी अजून होती, काळी पडलेली. तिनं मला पाहिलं, पदराखाली हात घालून पोराचं कपाळ चाचपलं, ताप आहे का ते पाहिलं.

"बस," ती म्हणाली. "कोनाची पुतनी हायेस थे दिसलं."